गोली पोराच्या आईचा दुकानाचा रिव्ह्यू (मोठा झालाय, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. मालकांनीच बजावलंय, नेटवर माझं नाव टाकू नका, सप्टेंबरात आधीच दाराबाहेर लाइन असते आणि मी एकटा माणूस आहे. पासष्टीच्या पुढचे असतील, सगळे त्यांना कोच म्हणतात म्हणून मीपण कोचच लिहिते. दुकान टोरांटोच्या एटोबिको भागात, एका आइस हॉकीच्या रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) मागे गाळ्यांची रांग आहे ना तिथे, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला टाइल्सचं गोडाऊन. रिंकवर कुठल्याही गोलीच्या आईबापाला विचारा, बरोब्बर हात दाखवतील. फक्त गोलीचंच सामान ठेवतात, बाकी प्लेयरचं काही मिळत नाही, नवं थोडं आणि जुनं भरपूर.

भारतातल्या नातेवाइकांसाठी: गोली म्हणजे आइस हॉकीतला गोलकीपर, आणि हो, ही ध्यानचंदांची हॉकी नव्हे, ही बर्फावरची. आमचे आबा (माझे सासरे, कराडहून सहा महिन्यांसाठी आलेत) अजून "गोळी"च म्हणतात, आज गोळीची मॅच आहे का, असं विचारतात आणि मी दर वेळी बीपीच्या गोळ्यांचा डबा शोधायला लागते.

आता आम्ही तिथे का गेलो ते. पोरगं दहा वर्षांचं, दोन सीझन हाउस लीगमध्ये (क्लबची साधी, हौशी लीग) फॉरवर्ड, म्हणजे पुढे पळून गोल मारणारा, खेळला, पण त्याला दम्याचा त्रास आहे, पंप लागतो, डॉक्टरांनी खेळायला हो म्हटलंय तरी थंड हवेत दोन फेऱ्या मारल्या की छाती भरायची आणि हा बेंचवर येऊन बसायचा, आणि मी काचेच्या अलीकडे कॉफीचा कप धरून उगाच मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं करायची. मग जानेवारीत एकदा टीमचा गोली आजारी पडला, कोणी उभं राहतंय का म्हणून विचारलं तर ह्याने हात वर केला. सात गोल खाल्ले. आणि बाहेर आला तो हसतच. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, आई मला आता हेच करायचंय. मला खरं सांगू तर वाईट वाटलं, मला वाटलं पळता येत नाही म्हणून पोरगं कोपऱ्यात जाऊन उभं राहायला तयार झालं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कच्च्या लिंबूला नाही का कीपर करायचे, तसं.

पहिल्या सीझनला असोसिएशनने सामान वापरायला दिलं होतं, ह्या वर्षी आपलं आपण घ्यायचं. आधी आम्ही एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो, नाव जाऊ दे, तिथल्या मुलाने पायाकडे एक नजर टाकली आणि दोन साइज मोठे पॅड्स काढून दिले, दोन वर्षं आरामात जातील म्हणाला. आपण मराठी लोक, वाढत्या अंगाचं म्हटलं की लगेच पटतं, शाळेचा युनिफॉर्मपण आपण तसाच घेतो. नशीब की नवऱ्याने किंमत बघून, घरी जाऊन विचार करू, म्हटलं.

कोचच्या दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे वास. जुनं चामडं, घाम, आणि वर काहीतरी लिंबाचा स्प्रे. नाकाला रुमाल लावायची इच्छा होते पण पाच मिनिटांत सवय होते. दुसरी गोष्ट म्हणजे पॅड्सना हातही न लावता त्यांनी पोराला जमिनीवर गुडघे टेकून बसायला लावलं आणि टेपने घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत मोजलं, मग गुडघ्यापासून वर मांडीपर्यंत. त्यांचं म्हणणं असं की आजचा गोली दिवसातून शंभर वेळा गुडघ्यावर पडतो, दोन्ही पाय बाहेर फाकवून, बटरफ्लाय म्हणतात त्याला, आणि पडताना गुडघा पॅडच्या आतल्या गादीवर बरोब्बर मध्ये यायला हवा. पॅड मोठा असला की गुडघा गादीच्या खाली घसरतो, पॅड बर्फावर सपाट पडत नाही, वरची टोकं एकमेकांवर आपटतात आणि दोन पायांच्या मधली फट, फाइव्ह होल, तिथून पक (ह्या हॉकीतला बॉल, म्हणजे रबरी चकती) आरामात आत. "मोठे पॅड्स घेऊन पोरगं मोठं होत नाही, नुसतं अडखळतं," हे त्यांचं वाक्य. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प.

तेवढ्यात आबा भिंतीवर टांगलेले जुने तपकिरी पॅड्स बघून मोठ्याने म्हणाले, अगं हे तर क्रिकेटचे पॅड! मी म्हटलं नाही हो आबा. कोचना भाषांतर करून सांगितलं तर ते एवढे खूश झाले की काउंटरच्या बाहेरच आले. म्हणे, तुमचे सासरे बरोबर आहेत. सुरुवातीचे गोली क्रिकेटचेच पॅड बांधायचे, 1896 मध्ये विनिपेगच्या टीमचा मेरिट नावाचा गोली मॉन्ट्रियलला स्टॅन्ली कपच्या (इथल्या हॉकीतला सगळ्यात मोठा कप) मॅचला पांढरे क्रिकेट पॅड बांधून उतरला आणि एकही गोल न खाता कप घेऊन गेला, 2-0. मग हॅमिल्टनला (इथून तासाभरावर) घोड्यांचं सामान शिवणारा केनेस्की म्हणून एक कारागीर होता, त्याने 1920च्या दशकात क्रिकेटचा पॅडच रुंद करून, आत भरण भरून गोलीचा पॅड बनवला, आणि पुढे कित्येक वर्षं सगळ्यांच्या पायात तेच. चामड्याचे आणि आत हरणाचे केस, त्यामुळे मॅच संपेपर्यंत पाणी पिऊन पिऊन वजन दुप्पट. आता सगळं फोम आणि सिंथेटिक आहे, हलकं. आबा कॉलेजात विकेटकीपिंग करायचे, त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अजून वाकडं आहे, ते त्यांनी लगेच कोचना दाखवलं, कोचनी आपली दोन दाखवली. तिथून पुढे आमची गरजच उरली नाही.

पॅड्स जुने घेतले, 180 डॉलर, पट्टे कोचनी नवे लावून दिले. ब्लॉकर आणि ट्रॅपरची जोडी 110. ब्लॉकर म्हणजे स्टिकच्या हातातली चौकोनी ढाल, ट्रॅपर म्हणजे पक झेलायचा मोठा ग्लव्ह. नवा ट्रॅपर लाकडासारखा कडक असतो, लहान मुलाला मिटतच नाही, म्हणून जुनाच घ्या हा सल्लापण त्यांचाच. चेस्ट गार्ड 70, स्केट्स 90. गोलीचे स्केट्स वेगळे असतात हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, पातं लांब, सपाट आणि जमिनीला जवळ, कारण गोलीला धावायचं नसतं, सरकायचं असतं.

आणि मग मास्क. इथे मात्र कोच अडून बसले. शेल्फवर चांगले दिसणारे जुने मास्क होते, एकावर तर मस्त वाघाचा जबडा रंगवलेला, पोराचा जीव त्याच्यावर आणि किंमत नव्याच्या अर्धी. कोच म्हणाले, तो भिंतीवर लावायला घ्या, डोक्यावर घालायला देणार नाही. जुन्या मास्कने किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही, आतली चीर दिसत नाही. शिवाय लहान मुलांना सीएसएचं (कॅनडातली सुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था) स्टिकर असलेलाच मास्क लागतो, आणि डोळ्यांसमोर मोठी भोकं असलेली ती मांजरडोळ्यांची जाळी चालत नाही, ती मोठ्यांची. नवऱ्याने थोडी घासाघीस करून बघितली (सवय), तर ते म्हणाले, या इकडे, आणि आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेले. भिंतीवर एकच मोठा फोटो आहे, बाकी सगळी भिंत सामानाने भरलीय. काळा-पांढरा फोटो, एक माणूस, चेहऱ्यावर फिक्या रंगाचा प्लास्टिकचा मुखवटा, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं, भुतासारखा. जॅक प्लांट.

आता मी हॉकी माहीत असल्याचा आव आणत नाही, पण पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते घरी येऊन तपासलं आणि सगळं खरं निघालं, म्हणून लिहिते.

प्लांट 1929 चा, क्यूबेकमधल्या शाविनिगनच्या बाजूचा, अकरा भावंडांत थोरला. घरी पैसे नाहीत. आणि दमा! लहानपणी जास्त वेळ स्केटिंग केलं की धाप लागायची म्हणून हा गोलमध्ये जाऊन उभा राहिला. कोच हे सहज बोलून गेले, त्यांना आमच्या पंपाचं काहीच माहीत नव्हतं. मी पोराकडे बघितलं, तो फोटोकडे बघत होता. पोराने खिशातून पंप काढून त्यांना दाखवला. कोच म्हणाले, बरं, मग तू योग्य जागी आलायस, आणि पुढे बोलायला लागले, एवढंच. मला मात्र तिथल्या स्टुलावर बसावं लागलं.

आईने विणकाम शिकवलेलं, त्यामुळे थंडीत घालायच्या टोप्या हा बाबा स्वतः विणायचा, आणि मोठा झाल्यावरही स्वतः विणलेली टोपी घालून गोलमध्ये उभा राहायचा, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा कोच डिक अर्विनने ते बंद करायला लावलं. कॅनेडियन्समध्ये आला 1952-53 ला, आणि मग 1956 ते 1960 सलग पाच स्टॅन्ली कप, त्याआधीचा 1953 चा धरून सहा. त्या काळी सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या टीमच्या गोलीला व्हेझिना ट्रॉफी मिळायची, ती ह्याला सात वेळा. आणि हा गोलमध्ये गप्प उभा राहायचाच नाही, सरळ जाळ्याच्या मागे जाऊन पक अडवायचा, आपल्या डिफेन्सवाल्यांना पास द्यायचा, ओरडून सांगायचा कोण अंगावर येतंय. लोकांना वाटायचं वेडा आहे. आज प्रत्येक गोली हेच करतो.

मास्कचं प्रकरण 1 नोव्हेंबर 1959 चं. न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर तिथलीच टीम रेंजर्स. त्यांच्या अँडी बाथगेटचा शॉट थेट प्लांटच्या तोंडावर. तोवर कोणीच गोली मॅचमध्ये मास्क घालत नव्हता (1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा घालून पाहिला होता, थोड्या मॅच, मग सोडला), नुसता चेहरा, आणि पक म्हणजे साधारण 160 ग्रॅमचं कडक रबर, तेही मॅचआधी गोठवलेलं म्हणजे उसळू नये. प्लांटला सात टाके पडले. आणि गंमत बघा, तेव्हा टीमबरोबर दुसरा गोली नसायचाच! दोन गोली तयार ठेवायची सक्ती एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडाची सगळ्यात मोठी हॉकी लीग, हे सगळे तिथेच खेळायचे) नंतर आली, 1965 च्या आसपास. म्हणजे प्लांट आत गेला तर यजमानांच्या रिंकवरचा कोणीतरी हौशी माणूस उभा करायचा. प्लांट प्रॅक्टिसमध्ये आधीपासून फायबरग्लासचा मास्क घालायचा, त्याआधी प्रॅक्टिसमध्येच गालाची हाडं मोडली होती, पण तेव्हाचा टीमचा कोच टो ब्लेक मॅचमध्ये घालू देत नव्हता, मास्क घातला की नजर कमी पडते आणि माणूस भित्रा होतो असा समज. त्या रात्री प्लांट टाके घालून आला आणि म्हणाला, मास्क असेल तर उतरतो, नाहीतर नाही. ब्लेकची पंचाईत. मॅच थांबलेली, लोक बसलेले. शेवटी हो म्हणाला, अट अशी की जखम भरली की काढायचा. मॉन्ट्रियल 3-1 ने जिंकले, आणि मग टीम हरेचना, 18 मॅच अजिंक्य. पुढे मार्चमध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर एक मॅच मास्कशिवाय खेळला, डेट्रॉइटकडून 3-0 हरले, परत मास्क चढवला तो कायमचा.

इथे आबांनी मध्येच विचारलं, मग त्याला भित्रा म्हणाले असतील ना. कोच म्हणाले, म्हणाले की, बरीच वर्षं म्हणाले. एनएचएलमधला विनामास्क शेवटचा गोली 1974 पर्यंत खेळत होता. आबा म्हणाले, आमच्याकडेपण हेल्मेट घातलं की हसायचे.

1962 ला प्लांटला हार्ट ट्रॉफी मिळाली, म्हणजे अख्ख्या लीगमधला सगळ्यात उपयोगाचा खेळाडू, आणि त्यानंतर गोलीला ती मिळायला डायरेक्ट 1997 उजाडलं, चेक देशाचा डॉमिनिक हाशेक. आणि प्लांटला एवढं सगळं करून 1963 ला टीमने रेंजर्सला देऊन टाकलं. दोन वर्षांत रिटायर. संपलं असं वाटलं लोकांना. तर 1968 ला, एकोणचाळिशीत, सेंट लुइस ब्लूजकडून परत, आणि ग्लेन हॉलबरोबर वाटून सातवी व्हेझिना. हा हॉल म्हणजे वेगळाच नमुना, सलग 502 मॅच एकही न चुकवता खेळला, त्याही मास्कशिवाय, आणि मॅचआधी पोटातलं सगळं बाहेर काढायचा टेन्शनने. (आमच्याकडे मॅचआधी पोह्यांचा डबा देऊ नका हे मी त्या दिवसापासून शिकले.) 1970 च्या फायनलमध्ये प्लांटच्या मास्कवर शॉट बसला, मास्क फुटला आणि हा जागेवर बेशुद्ध. मास्क नसता तर मेलो असतो, असं तो स्वतः म्हणाला होता. ही गोष्ट सांगून कोचनी तो वाघाचा मास्क परत शेल्फवर ठेवला आणि नवऱ्याने गपचूप कार्ड काढलं.

सगळ्यात जास्त वेळ कोच टोरांटोबद्दल बोलले, साहजिक आहे, ते बारा वर्षांचे असताना वडिलांबरोबर मेपल लीफ गार्डन्सला वरच्या स्वस्त सीटवर बसून त्यांनी प्लांटला बघितलंय. (त्या गार्डन्समध्ये आता खाली सुपरमार्केट आहे, आम्ही तिथून भाजी आणलीय, मला माहीतही नव्हतं.) 1970-71 चा सीझन, माणूस बेचाळिशीचा, मॅचमागे सरासरी 1.88 गोल, लीगमध्ये सगळ्यात कमी. आणि त्याच टीममध्ये बर्नी पॅरेंट नावाचा तरुण गोली आला, प्लांट त्याचा लहानपणापासूनचा हीरो, त्याला प्लांटने हाताशी धरून शिकवलं. कुठे उभं राहायचं, शॉटआधी कुठे बघायचं. पॅरेंटने पुढे फिलाडेल्फियाकडून 1974 आणि 1975 असे सलग दोन कप जिंकून दिले. स्वतःची जागा घेणाऱ्याला शिकवणारी माणसं किती असतात हो, ऑफिसात बघा जरा. प्लांट नंतर बॉस्टन, मग एडमंटनला दुसऱ्या लीगमध्ये शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. 1978 ला हॉल ऑफ फेममध्ये. 1986 ला जिनिव्हात वारला, कॅन्सर, सत्तावन्न वर्षांचा होता फक्त.

बरं, रिव्ह्यू राहिला. तक्रारी आहेत, त्यापण लिहिते, नाहीतर म्हणाल कोचनी डिस्काउंट दिला म्हणून कौतुक करतेय (दिला नाही, वर 13 टक्के टॅक्स घेतला).

वेळ. आम्ही तिथे अडीच तास होतो. खरेदी चाळीस मिनिटांची असेल. मागे एक बिचारी बाई फक्त स्केट्सला धार लावायला आली होती, ती तासभर उभी, शेवटी तीपण प्लांट ऐकत बसली. घाई असेल तर शनिवारी जाऊच नका, गुरुवारी संध्याकाळी जा. फोन उचलत नाहीत. कार्डचं मशीन मधूनच मान टाकतं, कॅश ठेवा जवळ. पार्किंग टायरवाल्याच्या दारात केलं तर तो ओरडतो आणि बरोबरच ओरडतो.

स्केट्सची धार पहिल्यांदा चुकली. कोचचा पुतण्या होता काउंटरवर, त्याने प्लेयरच्या स्केट्ससारखी खोल धार काढून दिली आणि पोरगं बाजूला सरकायला गेलं की पातं बर्फात रुतायचं, दोनदा आडवा पडला. कोचनी फुकट परत करून दिली, सॉरीपण म्हणाले, पण ती एक मॅच गेली ती गेलीच. धार लावायला टाकताना "गोलीचे आहेत" हे तोंडाने सांगा, दुकान गोलीचं असलं तरी.

ट्रायल रूम नाही. दहा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर थर्मलवर उभं करून चेस्ट गार्ड चढवलं, त्याला चाललं, टीनएजरला चालणार नाही. नव्या मालात चॉइस कमी, रंग हवा तो मिळत नाही, आमचं ट्रॅपर निळं आणि ब्लॉकर लाल आहे. पोराला सांगितलं की हीच फॅशन आहे, त्याचा विश्वास बसला नाही.

सामान घेऊन आता अडीच महिने झाले. पॅड्स उत्तम. गुडघा बरोब्बर गादीवर येतो. ट्रॅपरची एक दोरी सुटली होती ती आबांनी घरीच ओवली, सुतळी ओवल्यासारखी, कोचनी बघून अंगठा दाखवला. सामान वाळवायला मात्र बेसमेंटमध्ये वेगळा स्टँड आणि पंखा लागतो, ते दुकानात कोणी सांगत नाही, मी सांगते. बॅगेत बंद ठेवलं तर दुसऱ्या दिवशी अख्खं घर त्या दुकानासारखं वास मारतं.

मास्क नवा घेतला, 210 डॉलर, पांढरा, कोरा. रंगवून घ्यायचे अजून वेगळे पैसे लागतात म्हणून सध्या तसाच. गेल्या रविवारी आबांनी त्यावर मार्करने बाजूला बारीक अक्षरात "श्री" काढलं, पोराने त्याच्या खाली स्वतःच टाक्यांच्या खुणा काढल्या, सात. मी मोजल्या.

एकूण चार स्टार. पाचवा पुतण्याने घालवला. परवा शनिवारी परत जातोय, डाव्या पॅडचा खालचा पट्टा सैल झालाय, आणि आबांनी कोचना दाखवायला कराडहून त्यांच्या कॉलेजच्या टीमचा फोटो व्हॉट्सअपवर मागवून ठेवलाय, म्हणजे परत अडीच तास.